तहकूब सभेचे रसग्रहण

आपल्याकडे समीक्षकांची ददात नाही. चार ओळींच्या कवितेला चाळीस पानांची प्रस्तावना जोडणारे लोक आहेत. पण ग्रामसभेच्या नियमांना मात्र अजून रसिक भेटलेला दिसत नाही. वास्तविक 1958 चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम (हल्ली त्याला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात) आणि त्याखालचे सभांचे नियम यांत चांगल्या नाटकाचा सगळा ऐवज आहे. प्रयोग वर्षातून किमान चार, तिकीट नाही आणि गावातला प्रत्येक मतदार त्यात पात्र! आणखी काय हवे?

नांदी ठरलेली: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ मागच्या सभेला आपण होतो की नव्हतो हे ज्याला आठवत नाही, तोही मान डोलावून इतिवृत्त कायम करतो. भरतवाक्यही ठरलेले: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ मुरलेला माणूस नांदीला चहा घेतो आणि भरतवाक्याला कान टवकारतो. कारण गावातली खरी भानगड नेहमी आयत्या वेळीच येते. मधल्या अंकात सूचक आणि अनुमोदक ही जोडी. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ‘माझंही तेच’ म्हणायचे. घरोघरी असे जमते तर काय हवे होते!

लेखकाची खरी प्रतिभा दिसते ती गणपूर्तीच्या नियमात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसे हवीत. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात 100. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब. इथवर ठीक. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागतच नाही! पहिल्या दिवशी 99 माणसे ताटकळत बसली तरी सभा होत नाही, आणि पुढच्या तारखेला 9 जण आले तरी ती रीतसर होते. आता हे गणिताच्या मास्तरांना कोणी समजावायचे?

लेखकाची बाजूही घेतली पाहिजे. हा नियम नसता तर रुसलेल्या एखाद्या आळीने घरी बसूनच गावाचा कारभार अडवला असता. कबूल. पण घरकुलाच्या यादीसारख्या गोष्टी या सभेपुढे येतात. जिचे छप्पर गळते ती बाई पहिल्या तारखेला मजुरी बुडवून येते, दोन तास बसते आणि ‘सभा तहकूब’ ऐकून घरी जाते. दुसऱ्यांदा मजुरी बुडवणे तिला परवडत नाही. ज्यांना परवडते ते 9 जण येतात. प्रोसिडिंगात ओळ पडते, ‘सर्वानुमते मंजूर.’ इतके क्रूर दोन शब्द मी कुठल्या शोकांतिकेत वाचलेले नाहीत.

गंमत अशी की, यावरचा थोडाफार उताराही याच पुस्तकात आहे. सात दिवस आधी नोटीस लागली पाहिजे, दवंडी पिटली पाहिजे, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा झाली पाहिजे. लोक याला कागदी घोडे म्हणतात. म्हणोत बापडे! ज्याचा आवाज मोठा, त्याचे नियमावाचून काहीच अडत नाही. नियम लागतो तो हलक्या आवाजाच्या माणसाला. भर सभेत एखाद्या म्हातारीने ‘नोटीस कधी लावली होती?’ एवढे चार शब्द विचारले, की मोठमोठे आवाज एकदम खाली येतात.

तेव्हा एकंदरीत पुस्तक संग्राह्य आहे. भाषा रुक्ष, विनोद सगळा नकळत झालेला, पण आशय मोलाचा. पुढच्या आवृत्तीत तहकूब सभेलाही निदान थोडी गणपूर्ती ठेवावी, एवढीच सूचना. सूचक अस्मादिक. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.