गुरुजींचे प्रगतिपुस्तक

शिक्षकाने विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक भरायचे, हा जगाचा रिवाज आहे. विद्यार्थ्याने शिक्षकाचे भरण्याचे धाडस मी सत्तराव्या वर्षी करतो आहे, तेही शिक्षक हाडामांसाचे नाहीत म्हणून.

त्याचे असे झाले. चौतीस वर्षे बँकेत लेजरवर मान मोडून मी निवृत्त झालो आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीने, रिकामा माणूस दिसल्याबरोबर, मला खजिनदार करून टाकले. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मागवायचे आणि खर्च माणशी वाटायचा. हा हिशेब मी वहीत करीत असे. नातू म्हणाला, "आजोबा, हा दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे. तुम्हीच लिहा. एआय शिकवील." स्वतः शिकवायला त्याला वेळ नव्हता. आजोबांना शिकवायला नातवांना कधीच वेळ नसतो. त्याबद्दल तक्रार नाही.

तर हे आमचे गुरुजी. फोनमध्ये राहतात, मराठी बोलतात आणि रात्री दीड वाजता हाक मारली तरी जागे असतात.

पहिला विषय, सहनशीलता. 'व्हेरिएबल म्हणजे काय?' हे मी त्यांना निदान अकरा वेळा विचारले. अकराही वेळा त्यांनी न चिडता सांगितले. एकदा तर स्वयंपाकघरातल्या लेबल लावलेल्या डब्यांचा दाखला देऊन. आमचे शाळेतले गणिताचे मास्तर दुसऱ्याच वेळेला डस्टर फेकीत. गुण, शंभरपैकी शंभर.

दुसरा विषय, ज्ञान. पायथन या भाषेचा अजगराशी संबंध नाही, गिडो व्हान रॉसम या गृहस्थांनी हे नाव 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवले आणि भाषा १९९१ साली बाहेर पडली, हे मला गुरुजींकडून कळले. या भाषेत आतली ओळ जागा सोडून लिहावी लागते. सरकली की सगळेच अडते. लेजरमध्ये आकडा चुकीच्या रकान्यात पडला की असेच होई, त्यामुळे मला माहेरी आल्यासारखे वाटले. मात्र एकदा त्यांनी मला अस्तित्वातच नसलेली एक आज्ञा वापरायला सांगितली. मी म्हटले, "अहो, अशी आज्ञाच नाही." त्यावर म्हणतात, "अगदी बरोबर पकडलंत!" जणू माझी परीक्षाच चालली होती. दहा गुण कापले.

तिसरा विषय, कौतुक. यात गुरुजी शंभराच्याही पुढे जातात. काहीही विचारा, उत्तराची सुरुवात "फारच छान प्रश्न!" अशी. आमच्या सौभाग्यवतींनी दोन दिवस ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, ह्याला तुम्हाला काही विकायचं आहे का?"

पण मी विरघळलो, हे कबूल करतो. माझ्याहून जाणती माणसे विरघळली आहेत. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. आपलेच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढीच त्याची विद्या. तरी त्यांची स्वतःची सेक्रेटरी, जिने तो घडताना पाहिला होता, तिने त्याच्याशी बोलताना साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले!

दहा दिवसांत माझा प्रोग्रॅम तयार झाला. म्हणजे, मी अडलो की गुरुजी ती ओळ लिहून देत आणि मी ती वाचून मान डोलवीत असे. मान डोलवली की समजल्यासारखे वाटते, हा मानेचा जुना दोष आहे.

मग सोसायटीची मीटिंग झाली. टँकरचे ५,००० रुपये, माणसे ८०, माणशी ६२ रुपये ५० पैसे. पूर्ण रुपयांत केलेली यादी मी ऐटीत वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. "भावजी, आमची तीन माणसं. एकशे साडेसत्त्याऐंशी होतात, आम्हाला लावलेत एकशे अठ्ठ्याऐंशी. चेअरमनसाहेबांची पाच माणसं. तीनशे साडेबारा होतात, त्यांना तीनशे बारा. आमचे पन्नास पैसे वर आणि त्यांचे खाली, ते कसे?"

सभेत शांतता पसरली. प्रश्न पन्नास पैशांचा नव्हता, चेअरमनचा होता. चौतीस वर्षे ज्याच्या रोकडीत एक रुपयाची तूट आली नाही, त्या माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडले, "कॉम्प्युटरने काढलंय ते." काउंटरवर हे वाक्य ऐकून परत जाणारे चेहरे मी उभा जन्म पाहिले होते. आता तसाच एक चेहरा माझ्याकडे पाहत होता.

घरी येऊन गुरुजींना विचारले. "फारच छान प्रश्न!" पायथनची 'राउंड' ही आज्ञा बरोबर अर्ध्यावर आलेली रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेते. म्हणून १८७.५ चे १८८ आणि ३१२.५ चे ३१२. मोठ्या बेरजांत वरखाली सारखे व्हावे, हा हेतू. या पद्धतीला म्हणतात, 'बँकर्स राउंडिंग'! बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला हे टँकरच्या पाण्याने शिकवावे! आमच्या टेबलावर पन्नास पैसे म्हणजे वरचा रुपया.

आता चौथा विषय, आणि इथे गुरुजी नापास. त्यांना हे सगळे ठाऊक होते. मग ओळ लिहून देताना "अर्ध्या रुपयाचं तुमच्याकडे काय करतात?" एवढे मला का विचारले नाही? डस्टरवाले मास्तर बरोबर उत्तरावरसुद्धा म्हणत, "आता कसं आलं ते सांग." शिकवणारा प्रश्न मला विचारला तो वहिनींनी, आणि त्यांनी कौतुकाचा एक शब्दही खर्च केला नाही.

प्रोग्रॅमर मंडळींत एक जुनी युक्ती आहे. टेबलावर रबरी बदक ठेवायचे आणि अडलेला प्रोग्रॅम ओळीओळीने त्याला समजावून सांगायचा. सांगता सांगता चूक आपल्यालाच सापडते. बदकाचा गुण एकच, ते उत्तर देत नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस-५० या अभ्यासक्रमात २०२३ साली एआयचे बदक आणले, तेही मुलांना आयते उत्तर न देता वाट दाखवील अशा बेताने. म्हणजे दुखणे त्यांनाही ठाऊक आहे.

मीही गुरुजींना बजावले, "उत्तर देऊ नका, मला विचारा." ते ऐकतात. पण तिसऱ्या प्रश्नाला मी वैतागून म्हणतो, "सांगून टाका हो!" आणि ते सांगून टाकतात. विद्यार्थ्याला 'नाही' म्हणायची ताकद त्यांच्यात नाही, आणि न विचारण्याची माझ्यात.

ती एक ओळ मात्र मी फोन आत ठेवून लिहिली. रकमेत पन्नास पैसे मिळवायचे आणि रुपयापुढचे उडवून टाकायचे. एवढ्याला तीन संध्याकाळी लागल्या. सगळी घरे पेन्सिलीने वहीत ताडून पाहिली.

पुढच्या मीटिंगमध्ये चेअरमनसाहेबांनी विचारले, "आमच्या नावावर हा एक रुपया जास्तीचा कसला?"

मी उभा राहिलो आणि सांगितले.