अक्षराचे वळण आणि माणसाचा स्वभाव

अकरा मारुतींपैकी एक आपल्या गावात आहे, हे शिराळ्याच्या मुलांना सांगावे लागत नाही. तो स्थापणाऱ्या रामदासांनी हस्ताक्षरावर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे, हे मात्र पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास काढून पाहा.

हा समास भक्तीचा नाही, कारागिरीचा आहे. पान शिशाने आखून घ्यावे, ओळींतले अंतर सारखे ठेवावे, वरचे अक्षर खालच्या ओळीला टेकू नये. भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी मजकूर शाबूत राहतो. बोरू कसे निवडावेत, तेही सांगितले आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, ही सूचना तर चाळिशी लागलेल्या मला विशेष पटते! डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते, हे कारण तेव्हा माहीत नव्हते. निरीक्षण अचूक होते.

सुंदर पोथी पाहून लिहिणाऱ्याला पाहावेसे वाटते, एवढे समास म्हणतो. पण वळणावरून स्वभाव सांगत नाही. तो उद्योग फ्रान्समध्ये मिशाँ नावाच्या पाद्र्याने 1870 च्या दशकात नावारूपाला आणला. जेफ्री डीन यांनी 1992 मध्ये अशा सुमारे 200 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अक्षरावरून स्वभाव ओळखण्याचा दावा व्यवहारात उपयोगी पडेल इतकाही टिकला नाही. तरी ‘गिचमिड अक्षर म्हणजे गोंधळलेले डोके’ असे आपण शिक्षकखोलीत सहज बोलून जातो.

वळण येते ते हत्यारातून आणि घाईतून. मोडी पाहा. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि हात न उचलता खाली अक्षरे लिहीत जायचे. म्हणून ती गोलावली, एकमेकांत अडकली. मोडी लिहिणारे कारकून गोलगोल स्वभावाचे होते, असे कोणी म्हणणार नाही.

समासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो पहिल्याच ओवीत ब्राह्मणाला उद्देशून बोलतो आणि फक्त बाळबोध अक्षराचा विचार करतो. आपल्या वर्गात सगळ्यांची मुले आहेत. शिवाय पोथी उतरवणाऱ्याला घड्याळ नव्हते. तीन तासांत पेपर सोडवणाऱ्या मुलीची गरज मोडी लिहिणाऱ्या कारकुनाची आहे, आणि तिची उत्तरपत्रिका आपण पोथीच्या मापाने तपासतो.