नाताळातील सिंगापूर आणि आमचे प्रवासलेखक

लेखकाला काय पाहावयास मिळाले, यावरून प्रवासवर्णनाची पारख होत नाही. काय पाहावे हे त्याला सुचले की नाही, यावरून होते. नाताळच्या सुटीत सिंगापूरला जाऊन आलेल्या मराठी प्रवाशांचे लेख अलीकडे वारंवार वाचनात येतात. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते : विमानतळाची स्वच्छता, ऑर्चर्ड रोडवरील दिव्यांच्या कमानी, दुकानांपुढील कृत्रिम हिम, आणि शेवटी तेथील शिस्तीविषयी एक धन्योद्गार. दुसऱ्या पंथाचे लेखक त्याच जागी उभे राहून नाक मुरडतात. विषुववृत्तालगतच्या शहराने बर्फाचे सोंग आणावे, हे त्यांस पाश्चात्त्यांचे अंधानुकरण वाटते. एक स्तुती करतो, दुसरा उपहास. दृष्टी मात्र दोघांचीही दुकानाच्या काचेपलीकडे जात नाही.

ही रोषणाई म्हणजे बाजाराचा थाट आहे, यात संशय नाही. ती १९८४ पासून होऊ लागली आणि पर्यटकांना आकर्षून घेणे हा तिचा उघड हेतू आहे. डिसेंबर हा तेथे हिमाचा नव्हे, भर पावसाचा महिना असतो. परंतु व्यापाऱ्याने दाखवावयाचे ठरविले तेवढेच जो पाहतो, तो गिऱ्हाईक होय. त्याला प्रवासी कसे म्हणावे? मग त्याने माल वाखाणला काय किंवा त्याला नावे ठेवली काय, सारखेच.

ऑर्चर्ड रोडपासून फार लांब नसलेले सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल या लेखांत क्वचितच आढळते. १८५६ मध्ये पायाभरणी होऊन १८६१ मध्ये ते पूर्ण झाले, आणि ते उभारले हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठविलेल्या कैद्यांनी. चुन्यात अंड्यातील पांढरे व साखर कालवून आणि नारळाची सोडणे भिजवलेले पाणी घालून त्यांनी भिंतींना गिलावा केला. ज्या सणाला आपण परक्यांचा म्हणतो, त्याची प्रार्थना तेथे आमच्याच दुर्दैवी देशबांधवांनी बांधलेल्या भिंतींच्या आत होते! शिवाय, २०२० च्या जनगणनेनुसार १५ वर्षांवरील रहिवाशांपैकी सुमारे १९ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. म्हणजे अनुकरणाचा आरोप करण्यापूर्वी, हा सण कोणाचा, एवढे तरी विचारणे प्राप्त होते.

हा प्रश्न आमच्या लेखकांना का पडत नाही? आमच्या मते याचे मूळ सिंगापुरात नसून घरी आहे. नाताळ हा मराठी सणही आहे, हेच त्यांच्या ध्यानी नसते. आमच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस ज्यांनी पासोडीवर ग्रंथ लिहिला, त्या दासोपंतांचा काळ १६१५ च्या सुमारास संपला. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. येशूच्या जन्माची कथा त्यात मराठी ओवीतच सांगितली आहे. जवळच्या नगरास अमेरिकन मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आम्ही अभिमानाने वाचतो, आणि २०२० साली शेजारच्या उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. हे सारे ठाऊक असूनही नाताळ म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे विलायतच उभी राहते. शेजाऱ्याच्या घरचा नाताळ ज्याने कधी पाहिला नाही, त्याला परदेशी नाताळात दिव्यांखेरीज काय दिसणार?

चार दिवसांच्या सहलीत इतिहास कोठून शोधावा, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु येथे अपेक्षा पांडित्याची नसून जिज्ञासेची आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेचे प्रवासवृत्त प्रसिद्ध केले, तेव्हा तेथील वैभवाबरोबर स्त्रियांची स्थिती, शिक्षण आणि लोकसंस्था यांचीही विचारपूस केली. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंगा'त (१९६३) पूर्वेकडील देशांच्या देखाव्यापेक्षा तेथील माणसेच अधिक लक्षात राहतात. ही परंपरा आमचीच आहे, ती उसनी आणावयाची नाही.

हे लेख घरोघर वाचले जातात आणि मुलांच्या मनात परधर्मीयांचे पहिले चित्र पुष्कळदा अशाच वाचनाने उमटते. ते चित्र नुसत्या दुकानांचे असू नये. पुढील डिसेंबरात सिंगापूरला जाणाऱ्या लेखकाने दिव्यांचे वर्णन अवश्य करावे; मात्र त्यापूर्वी एखादी सकाळ त्या कैद्यांच्या भिंतींपाशी घालवावी, आणि निघण्याआधी आपल्याच गावच्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे एकवार जाऊन यावे.