‘मुळे’ आणि ‘सह’ : अस्थिघनताविषयक मराठी लेखनातील एक दोष

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची अस्थिघनता आणि त्यांच्या रक्तातील बिंबाणूंची, म्हणजे प्लेटलेटांची, मापे यांचा काही संबंध आहे काय, या प्रश्नावर अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. ते मराठीत येताना त्याच्या आशयात जो पालट होतो, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

असे संशोधन बहुधा एकाच वेळी केलेल्या तपासणीवर आधारलेले असते. त्यातून दोन मापे बरोबरीने कमीअधिक होतात, एवढेच सांगता येते. काही अभ्यासांत बिंबाणूंची संख्या आणि अस्थिघनता यांत सहसंबंध आढळला. बिंबाणूंच्या सरासरी आकारमानाविषयीचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. काढून ठेवलेल्या रक्तात बिंबाणू काळाबरोबर फुगतात, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

मराठी लेखनात ‘सहसंबंध’ या शब्दातील ‘सह’ गळतो, नुसता ‘संबंध’ उरतो आणि पुढच्याच वाक्यात ‘बिंबाणूंमुळे’ असा प्रयोग अवतरतो. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कारणाचा बोध करून देते. तो बोध मूळ विधानात नसतो. बिंबाणू अस्थिमज्जेतील महापेशींपासून निपजतात आणि त्यांत अस्थिपेशींना चेतवणारे वृद्धिघटक असतात, हे खरे. तथापि शक्यता म्हणजे सिद्धी नव्हे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने हाडे झिजतात, येथे मात्र कारणवाचक प्रयोग यथार्थ ठरतो.

‘घनता’ हा शब्दही फसवा आहे. क्ष-किरणांनी घेतलेले हे माप ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असे असते. ते क्षेत्रफळावर असते, घनफळावर नव्हे. त्यामुळे लहान चणीच्या स्त्रीचे माप काहीसे कमी भरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घातलेली उणे २.५ ही मर्यादाही तरुण स्त्रियांच्या सरासरीशी केलेल्या तुलनेवर उभी आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. वसईजवळच्या भुईगावात वाडीत राबून साठी गाठलेल्या स्त्रीला ‘प्लेटलेट’ हा शब्द डेंग्यूच्या साथीने परिचित झालेला असतो. ‘मुळे’ वाचून ती पपईच्या पानांचा रस घेऊ लागली आणि हाडांची तपासणी राहून गेली, तर त्या चुकीचा वाटा लेखकाकडेही जातो. ‘यांच्यासह आढळते’ असे लिहिल्याने वाक्य किंचित अवघडते, परंतु खरे राहते.