बाईची साक्ष

कष्टकऱ्यांविषयी लिहिताना आपल्या कथा-कादंबऱ्यांना एक खोड जडली आहे. कपाळावर घाम आला, हाताला घट्टे पडले, मुकादम निर्दय निघाला, एवढे सांगितले की श्रमाचे चित्र पुरे झाले असे त्या मानतात. त्या माणसाच्या हातात नेमके काय होते, नाकात काय जात होते, आणि ते अंगावर घेऊन तो घरी कसा वावरे, हे राहूनच जाते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाचा मोठेपणा मला तिथेच दिसतो.

व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला, २०१५ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. कथा साधी आहे. मुंबईत गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो, आणि एका वृद्ध शाहिराच्या गाण्यामुळे त्याने जीव दिला असा खटला उभा राहतो. वीरा साथीदार यांनी तो शाहीर फार संयमाने उभा केला आहे. परंतु चित्रपटाचा प्राण आहे तो मृताच्या बायकोच्या साक्षीत.

ती रडत नाही, भाषण करीत नाही. विचारले तेवढेच सांगते. नवरा आधी झाकणातून खडा टाकी आणि झुरळे बाहेर येतात का ते पाही. आली तर आत जिवाला धोका नाही, असा त्याचा हिशेब. घाण सोसावी म्हणून तो दारू पिई. वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता. संरक्षणाचे साहित्य नव्हते. बस्स, एवढेच! पण या चार-दोन वाक्यांत एक अख्खा संसार उभा राहतो. झुरळांचा हिशेब बायकोला ठाऊक असतो, तो नवऱ्याने कधीतरी जेवताना सांगितला म्हणूनच ना?

ही साक्ष मला खरी वाटली याचे कारण आमच्या घरातही आहे. पाऊस हुकला की आमच्या जामखेडकडची माणसे ऊसतोडीला जातात, नाहीतर पुण्या-मुंबईची वाट धरतात. माझी आत्या पुण्यात एका वसतिगृहाचे संडास-मोऱ्या ॲसिडने धुई. सणाला आली तरी भाकरी थापायला बसत नसे. बोटांच्या भेगांत पीठ चावे. हातमोजे तिला कोणी दिले नव्हते. पण ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायची नाही, हे ती ठसक्यावरून शिकली होती. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो आणि तो छाती जाळतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. झुरळांचा हिशेब आणि आत्याचा ठसका, दोन्ही एकाच शाळेतले धडे!

आता उणे सांगतो. या चित्रपटात सरकारी वकीलबाईचे स्वयंपाकघर दिसते, बचावाच्या वकिलाचा वाणसामान घेण्याचा थाट दिसतो, न्यायाधीशांची सहकुटुंब सहल दिसते. ज्याच्या मरणावर खटला उभा आहे त्याच्या चुलीपुढे मात्र कॅमेरा बसत नाही. न्यायालयालाही ते घर दिसत नाही, हेच दाखवायचे होते, असे कोणी म्हणेल. युक्तिवाद मला पटतो. भूक भागत नाही.

हाताने मैला उपसण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. आकडा वाढला, पण माणसे उतरायची थांबली नाहीत.

फराळाच्या ताटापुढे हा विषय कशाला, असे एखाद्या वहिनी विचारतील. पण दिवाळी आपल्याकडे साफसफाईनेच सुरू होते, आणि मोरीत ओतलेली बाटली कोणाच्या तरी पायाशी जाते.

साक्षीनंतर वकील त्या बाईला गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो. ती ते घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. चित्रपट तिला तिथेच सोडतो. ते काम कोणते मिळाले असेल? बहुधा कोणाची तरी मोरी घासण्याचेच. मराठीत पुढची कादंबरी त्या मोरीपासून सुरू झाली पाहिजे, आणि बाटलीवर काय लिहिले होते ते तिने वगळता कामा नये.