भवानी पेठ, पण कोणत्या गावची?

पाकिटावर नुसते 'भवानी पेठ' लिहिले, तर पत्र सोलापूरला यावे की पुण्याला जावे? दोन्ही शहरांत या नावाची पेठ आहे. १९७२ मध्ये पिनकोड आले; सोलापूरचे ४१३ने सुरू होतात, पुण्याचे ४११ने, म्हणून घोळ टळतो.

किटवेअर कंपनीच्या 'सीमेक' या साधनापुढेही हाच प्रश्न असतो. मोठा प्रोग्राम बांधताना त्याला लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कार्यांच्या फाइली, शोधाव्या लागतात. आधी आपण सांगितलेले फोल्डर, मग संगणकाचे नेहमीचे, असा क्रम ठरलेला असतो. पहिली फाइल सापडली की शोध थांबतो. 'फाइंड_लायब्ररी' ही आज्ञा तर फक्त नाव पाहते, आवृत्ती नाही. जुनी लायब्ररी रांगेत पुढे असेल, तर तीच गळ्यात पडते.

इथवर आमची तक्रार नाही. सगळी घरे पालथी घालण्यापेक्षा क्रम बरा. पण सापडलेला पत्ता सीमेक 'कॅश' नावाच्या फाइलीत लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी शोधतच नाही. मधल्या काळात लायब्ररी हलवली तरी पत्ता जुनाच! (सापडली नाही, तर मात्र दर वेळी नव्याने शोधते.) चूक उघड होते ती शेवटी, जोडणीच्या वेळी, आणि विद्यार्थी बिचारा आपलाच प्रोग्राम तपासत बसतो. शोधाचा मार्ग दाखवण्याचा पर्याय २०२०च्या ३.१७ आवृत्तीत आला, तोही मागितला तरच चालतो. हे फार उशिरा झाले, असे आम्हांस वाटते.

कॅशची फाइल साध्या मजकुराची असते. ती नोटपॅडमध्ये उघडून लिहिलेला पत्ता वाचता येतो.