मुक्कामाला आडनाव असतं

लळिंगच्या किल्ल्यावर मी पहिल्यांदा गेलो तो कॉलेजात असताना. धुळ्याहून मालेगावच्या दिशेनं दहाएक किलोमीटर, महामार्गालगतच. वर पाण्याची टाकी, पडकी तटबंदी. खाली ट्रकच्या दिव्यांची रांग. सॅकमध्ये गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ होती. डोंगराचं वेड मला त्यांनीच लावलं, हे आधीच कबूल करतो.

आल्प्समध्ये गिर्यारोहण संघटनांच्या झोपड्या असतात. पलंग आधी बुक करायचा, पैसे मोजायचे, झोपायचं. आपल्याकडे ते काम गुहा, देऊळ आणि गावातली ओसरी करते. म्हणून मराठी ट्रेकवर्णनात एक ठरलेला परिच्छेद येतो. अंधार पडतो, कुणी मामा दार उघडतात, मावशी पिठलं-भाकरी वाढतात, पैसे घेत नाहीत. ‘माणुसकी’ हा शब्द येतो आणि परिच्छेद संपतो.

मी तिथे अडखळतो. एका ट्रेकला आम्ही ओसरीवर सॅक टेकवल्या, तर पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न आला, “आडनाव काय भाऊ?” मित्रानं झटकन त्याचं सांगितलं आणि माझी पाळी येऊच दिली नाही. भाकरी गरम होती. मला गिळवत नव्हती.

पुढे डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचलं. त्यात 1934 सालची दौलताबादची भेट आहे. प्रवासाची धूळ धुवायला मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी हौदातलं पाणी घेतलं आणि हौद बाटवला म्हणून गलका झाला. आत सोडलं ते पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. त्याच पुस्तकात 1929चं चाळीसगाव आहे. वस्तीतल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. पण टांगेवाले त्यांना न्यायला तयार नव्हते. शेवटी सवय नसलेल्या माणसानं टांगा हाकला, अपघात झाला, पाय मोडला.

माझ्या मते हेही दुर्गसाहित्य आहे, प्रवासवर्णन आहे. फक्त आपण ते त्या कपाटात ठेवत नाही. पाणी कुठे मिळेल, रात्री कुठे टेकता येईल, हे प्रत्येक ट्रेकरचेच प्रश्न. इथे उत्तर भूगोल देत नाही, जात देते.

गोनीदांवर माझा राग नाही. तक्रार त्यांच्यामागून आलेल्या आपल्या ब्लॉग आणि रील्सवर आहे. दार उघडलं हे आपण लिहितो. ते कुणासाठी उघडलं हे लिहीत नाही.

लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. 1937च्या जुलैअखेरीस धुळ्यात कोर्टाच्या कामासाठी आलेले बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. दरवर्षी 31 जुलैला भर पावसात लोक तिथे चढून येतात. खानदेशातला एवढा मोठा ट्रेक दुसरा क्वचितच असेल, पण ट्रेकवर्णनांत मला तो अजून भेटलेला नाही.

पुढच्या वेळी ओसरीवर मी माझं आडनाव आधी सांगणार आहे. आणि पुढे जे घडेल, ते लिहिणार आहे.